एलिस बेट, पोलादाच्या भट्ट्या आणि शिवणकामाचे मजले: युरोपातून अमेरिकेत आलेल्या कामगारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात मुलांकडे आलेले आईवडील न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहायला जातात. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाच्या बॅटरी पार्कहून सुटणारी फेरी पुतळ्यानंतर एलिस बेटावर थांबते. बोटीने येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी एकेकाळी याच बेटावर होई. पण आपल्यातले बरेच जण तिथे उतरतच नाहीत. तोवर पाय दुखायला लागलेले असतात, फोटोही काढून झालेले असतात. मी पिट्सबर्गजवळ राहते. घरी येणाऱ्या पाहुण्यांना मी एलिस बेटावर आवर्जून उतरायला सांगते, आणि इकडे आले की मोनोंगाहेला नदीकाठच्या होमस्टेडला घेऊन जाते. जगातल्या सर्वांत मोठ्या पोलाद कारखान्यांपैकी एक तिथे होता. आज तिथे दुकाने आहेत आणि एका रांगेत उभी असलेली विटांची बारा धुराडी.

पाहुण्यांनी तिथे विचारलेले आणि पुण्या-नाशकाला परतल्यावर मेसेज करून विचारलेले प्रश्न मी लिहून ठेवत गेले. तेच खाली दिले आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे तो प्रश्न पाहा असे म्हटले आहे.

१. हा नेमका कोणता काळ? किती लोक आले?

ढोबळमानाने १८८० ते १९२०. या चाळीस वर्षांत दोन कोटींहून जास्त माणसे अमेरिकेत आली, बहुतेक युरोपातून. त्याआधीही आयरिश, जर्मन, स्कँडिनेव्हियन मोठ्या संख्येने आलेच होते. आयर्लंडमधल्या बटाट्याच्या दुष्काळानंतरचे लोंढे १८४५ नंतरचे. पण १८८० नंतर ओघाची दिशा बदलली. आता माणसे दक्षिण इटली, पोलंड, स्लोव्हाकिया, हंगेरी, लिथुआनिया, युक्रेन आणि ग्रीसमधून येऊ लागली, रशियन साम्राज्यातून ज्यू येऊ लागले. १९१० च्या जनगणनेत देशातला दर सातातला एक माणूस परदेशात जन्मलेला होता, तर न्यूयॉर्क शहरात दहातले चार.

२. गरिबीमुळे आले, एवढेच ना?

नाही. अगदी कंगाल माणसाला बोटीचे तिकीट परवडतच नव्हते. निघाले ते बहुतेक थोडीफार जमीन असलेले, पण त्या जमिनीवर पोट भरेनासे झालेले लोक.

त्याला कारण पुन्हा अमेरिकाच होती. रेल्वे आणि आगबोटी आल्या आणि अमेरिकन गवताळ प्रदेशातला स्वस्त गहू युरोपच्या बाजारात उतरला. धान्याचे भाव कोसळले. दक्षिण इटलीत त्यात करांचा बोजा आणि मलेरिया. पोलंड-स्लोव्हाकियात वाटण्या होत होत शेताचे तुकडे उरलेले. ज्या गव्हाने शेतकऱ्याला उठवले, तो गहू वाहणाऱ्या रुळांवर खडी टाकायला तोच शेतकरी पुढे मजूर म्हणून गेला. मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

ज्यूंचे वेगळे होते. १८८१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाली, त्यानंतर ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले, आणि १८८२ च्या कायद्यांनी त्यांना खेड्यांत नव्याने वस्ती करण्याची, जमीन घेण्याची बंदी केली. ते मागचे दोर कापून, बायकामुलांसह निघाले. बाकीचे बहुतेक तरुण पुरुष एकटे आले: चार वर्षे कमवायचे, गावी शेत सोडवायचे, घर बांधायचे. अमेरिकन व्हायला आलो असे त्यांच्यातल्या फार थोड्यांनी म्हटले असते. हे लक्षात ठेवले तर पुढची बरीच उत्तरे आपोआप कळतात (विशेषतः प्रश्न १३).

३. बोटीचा प्रवास कसा असायचा?

हॅम्बर्ग, ब्रेमेन, लिव्हरपूल, नेपल्स ही मोठी बंदरे. शिडाच्या जहाजांना महिना-दीड महिना आणि कधी त्याहून जास्त लागायचा, आगबोटींनी तो प्रवास एक-दोन आठवड्यांवर आणला. सर्वांत स्वस्त वर्ग म्हणजे स्टिअरेज: जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्या आसपास, लोखंडी चौकटींवर एकावर एक फळ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे भाडे तीस डॉलरच्या आसपास होते. पुष्कळांचे तिकीट आधी गेलेल्या भावाने किंवा नवऱ्याने अमेरिकेतून पैसे भरून पाठवलेले असे.

आगबोट कंपन्यांचा खरा धंदा या स्टिअरेजवर चाले. हॅम्बर्गच्या कंपनीने तर स्थलांतरितांसाठी बंदराजवळ निवासाची आख्खी वसाहत उभारली. तिथे त्यांना तपासून, आंघोळ घालून, कपडे वाफवून मगच बोटीवर चढवत. यामागे धर्मादाय भावना नव्हती. अमेरिकेने कोणाला नाकारले तर परत नेण्याचा खर्च १८९१ च्या कायद्याने कंपनीच्या माथी मारला होता.

४. एलिस बेटावर नक्की काय व्हायचे?

आधी एक दुरुस्ती: सगळेच प्रवासी तिथे जात नसत. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाची तपासणी बोटीवरच उरके आणि ते थेट शहरात उतरत. बेटावर जात ते स्टिअरेजवाले.

केंद्र १ जानेवारी १८९२ ला उघडले. पहिली लाकडी इमारत १८९७ च्या जूनमध्ये जळाली. जीवितहानी झाली नाही, पण कागदपत्रे गेली. आज दिसते ती विटांची इमारत डिसेंबर १९०० पासूनची. १९५४ मध्ये बंद होईपर्यंत एक कोटी वीस लाखांहून जास्त माणसे इथून गेली. सर्वांत गर्दीचे वर्ष १९०७, आणि त्यातला १७ एप्रिल हा दिवस: ११,७४७ माणसे.

सामान खाली ठेवून जिना चढायचा. वर डॉक्टर उभे असत, आणि तपासणी त्या जिन्यावरच सुरू झालेली असे. कोणाला धाप लागते, कोण लंगडतो, कोण भांबावलेला दिसतो हे ते पाहात. प्रत्येकावर काही सेकंद. शंका आली तर कोटावर खडूने अक्षर: हृदयासाठी एच, पायासाठी एल, डोळ्यांसाठी ई, मनाबद्दल शंका असेल तर एक्स. सर्वांत भीती डोळ्यांची. खुपऱ्या आहेत का हे पाहण्यासाठी पापणी उलटवत, पुष्कळदा बुटाची बटणे लावायच्या आकड्याने. खुपऱ्या निघाल्या तर परतीची बोट.

त्यातून सुटले की मोठ्या दालनात बाकांवर वाट पाहायची आणि नाव पुकारले की निरीक्षकासमोर उभे राहायचे. नाव, वय, गाव, धंदा, जवळ पैसे किती, कोणाकडे चाललात, तुरुंगात होता का. बोटीच्या यादीत हीच उत्तरे आधी लिहिलेली असत, त्यामुळे हे काम दोन-तीन मिनिटांत होई. बाजूला दुभाषा असे. १९०७ ते १९१० या काळात तिथे दुभाष्याचे काम करणारा फिओरेलो ला ग्वार्दिया पुढे न्यूयॉर्कचा महापौर झाला.

अडचण नसेल तर सगळे तीन ते पाच तासांत संपे. त्या दालनात मी दर वेळी थोडा वेळ बाकावर बसते. खिडक्यांतून पलीकडे मॅनहॅटन दिसते, इतके जवळ की पोहत जाता येईल असे वाटते.

५. "काम ठरले आहे का?" या प्रश्नाला हो म्हटले तर परत पाठवत, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि अनेकांचा घात याच प्रश्नाने केला. १८८५ च्या कायद्याने परदेशातून मजूर आधीच करारबद्ध करून आणायला बंदी होती, कारण मालक अशी माणसे संप फोडायला आणत. त्यामुळे "हो, अमुक कारखान्यात काम पक्के आहे" म्हणणारा करारी मजूर ठरे. उलट "काम नाही, पैसेही नाहीत" म्हणणारा सरकारवर भार होईल म्हणून अडकवला जाई. बरोबर उत्तर या दोहोंच्या मधले: काम ठरलेले नाही, पण अंगात ताकद आहे, आणि पिट्सबर्गला भाऊ आहे. गावाकडून येणाऱ्या पत्रांतून ही पढवणी आधीच झालेली असे.

१९०९ मध्ये तिथल्या आयुक्तांनी जवळ किमान २५ डॉलर हवेत असा दंडक घातला, तेव्हा हा प्रश्न आणखी अवघड झाला.

६. अधिकाऱ्यांनी लोकांची नावे बदलली, असे गाईडने सांगितले. खरे का?

ही दंतकथा आहे. बेटावर कोणी नवे नाव लिहीतच नव्हते. यादी निघायच्या बंदरातच कंपनीच्या कारकुनाने केलेली असे. निरीक्षक तिच्यावर खुणा करी, आणि शेजारी ती भाषा जाणणारा दुभाषा असे.

नावे बदलली ती नंतर, आणि बहुतेक लोकांनी स्वतःच. फोरमनला उच्चारता येईना म्हणून, शाळेत बाईंनी हजेरीत वेगळे लिहिले म्हणून, दुकानाच्या पाटीवर छोटे नाव बरे म्हणून. पण एखाद्या कुटुंबात हीच कथा तीन पिढ्या सांगत आले असतील, तर त्यांना खोटे पाडायची मला घाई वाटत नाही. नाव गेल्याचे दुःख खरेच असते. फक्त ते कोणी घेतले याचा तपशील चुकलेला असतो.

७. किती जणांना परत पाठवले?

एलिस बेटावर शंभरातल्या सुमारे दोघांना. आकडा लहान वाटतो, पण एक कोटी वीस लाखांचे दोन टक्के म्हणजे दोन लाखांहून जास्त माणसे. आणि ती सुटी माणसे नव्हती. लहान मुलाला खुपऱ्या निघाल्या तर कोणीतरी मोठ्याने त्याच्याबरोबर परत जायचे. बहुधा आई जाई, बाप आणि मोठी मुले पुढे जात. हा निर्णय तिथेच, परक्या भाषेच्या गोंगाटात घ्यायचा. आजारी पोरे बेटावरच्या इस्पितळात ठेवत, अडवलेल्यांची प्रकरणे विशेष चौकशी मंडळापुढे चालत. या बेटाला अश्रूंचे बेट म्हणत ते यामुळेच.

८. पहिले काम कसे मिळे? आपल्याकडच्या मुकादमासारखे कोणी होते का?

अगदी तसेच होते. इटालियन त्याला पाद्रोने म्हणत. ऊसतोडीचा मुकादम ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही: माणसे तोच जमवणार, कंपनीशी तोच बोलणार, मजुरीतून त्याची दलाली आधी कापली जाणार, आणि रुळांवरच्या छावणीत पीठ-तेलही त्याच्याच दुकानातून, त्याच्या भावाने घ्यायचे. काही जण बोटभाड्यासाठी उचल देत आणि ती फिटता फिटत नसे. भाषा न येणाऱ्या माणसाला मात्र दुसरा आधारही नसे. पत्र लिहून देणारा आणि घरी पैसे पाठवणारा तोच.

१९०० नंतर हे कमी होत गेले, कारण तोवर जवळजवळ प्रत्येकाचे कोणी ना कोणी आधीच आलेले होते. फोरमनला सांगून शिरकाव करून देणारा काका किंवा गाववाला मुकादमापेक्षा स्वस्त पडतो.

९. पोलाद कारखान्यात खरोखर बारा तास काम असे?

हो, आणि आठवड्याचे सातही दिवस. झोतभट्टी विझवता येत नाही, म्हणून दोन पाळ्या, दिवसाची आणि रात्रीची, प्रत्येकी बारा तासांची. दर दोन आठवड्यांनी पाळ्यांची अदलाबदल होई, तेव्हा एका तुकडीला सलग चोवीस तास उभे राहावे लागे. याला लाँग टर्न म्हणत. १९०७-०८ च्या सुमारास पिट्सबर्ग भागात बिगारी मजुराला तासाला साडेसोळा सेंट मिळत, म्हणजे बारा तासांचे दोन डॉलरही नाहीत.

हे असेच चालू राहावे यासाठी आधी संघटना मोडावी लागली. १८९२ मध्ये होमस्टेडला अँड्र्यू कार्नेगीचा कारभारी हेन्री फ्रिक याने टाळेबंदी केली, आणि ६ जुलैला सुमारे ३०० खासगी पिंकर्टन पहारेकरी तराफ्यांवरून नदीमार्गे आणले. दिवसभर गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसे मेली. मग राज्याचे सैन्य आले आणि संघटना संपली. ती संघटना कुशल कामगारांची, त्यात इंग्रज, वेल्श, आयरिश, जर्मन जास्त. त्यानंतर भट्ट्यांवर स्लोव्हाक, पोलिश, हंगेरियन मजूर वाढत गेले. बारा तासांची पाळी या उद्योगातून गेली ती थेट १९२३ मध्ये.

त्या बारा धुराड्यांखाली उभे राहून मी पाहुण्यांना हा हिशोब सांगते तेव्हा गिरणगावात वाढलेली माणसे गप्प होतात. पाळीची शिटी त्यांना सांगावी लागत नाही.

१०. अपघातात माणूस गेला तर घरच्यांना काय मिळे?

बहुतेकदा शंभर डॉलर किंवा त्याहून कमी, कधी फक्त अंत्यविधीचा खर्च, कधी तोही नाही. क्रिस्टल ईस्टमन या तरुण वकील बाईंनी जुलै १९०६ ते जून १९०७ या एका वर्षातले पिट्सबर्गच्या ॲलेघेनी काउंटीतले कामावरचे मृत्यू एकेक करून तपासले. ते होते ५२६. त्या घरोघर गेल्या, बायकांशी बोलल्या, आणि दोष कामगाराच्या निष्काळजीपणाचा हा मालकांचा दावा किती पोकळ आहे ते मांडले.

कायदा तोवर मालकाच्या बाजूचा. धोका माहीत असून काम पत्करलेस, चूक सहकाऱ्याची होती, थोडी तुझीही होती: या तिन्हींतली एक सबब सिद्ध झाली की दावा फेटाळला जाई. इंग्रजी न येणाऱ्या विधवेने कोर्टात जाणे दूरच. ती विधवा गावाकडेच असेल तर तिला बातमीही पत्रानेच कळे. नुकसानभरपाईचे कायदे १९११ पासून एकेका राज्यात येऊ लागले, न्यूयॉर्कमध्ये टिकणारा कायदा १९१४ मध्ये आला.

तोवर आधार स्वतःच्या मंडळांचा. पोलिश, स्लोव्हाक, इटालियन, ज्यू अशा प्रत्येकांची मदतमंडळे होती. दर महिन्याला थोडी वर्गणी, आणि सभासद गेला की बायकोला ठरलेली रक्कम. चर्च बांधायच्या आधी पुष्कळ ठिकाणी हे मंडळ निघाले.

खाणींची स्थिती आणखी वाईट. ६ डिसेंबर १९०७ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगा इथे स्फोटात अधिकृत आकड्यानुसार ३६२ माणसे मेली. सर्वांत जास्त इटालियन होते.

११. राहायचे कुठे? तिथे चाळी होत्या का?

न्यूयॉर्कमधली टेनेमेंट म्हणजे चाळीची चुलत बहीण, पण तिला गॅलरी नव्हती. पाच-सहा मजले, अरुंद जिना, मजल्यावर चार घरे, आतल्या खोल्यांना खिडकीच नाही. १९०१ च्या कायद्याने नव्या इमारतींत प्रत्येक खोलीला उजेड-वारा आणि प्रत्येक घरात शौचालय सक्तीचे झाले. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडवर ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट ही १८६३ ची अशी इमारत आज संग्रहालय आहे. वेळ एकाच ठिकाणासाठी असेल तर मी एलिस बेटाऐवजी इथे जा म्हणेन. बेटावर माणसे काही तास होती, इथे त्यांनी आयुष्य काढले.

कारखान्यांच्या गावांत चित्र वेगळे होते. तिथे एखादे जोडपे दोन खोल्या भाड्याने घेई आणि पाच-सात एकट्या पुरुषांना ठेवून घेई. दिवसपाळीचा उठला की त्याच गादीवर रातपाळीचा निजे. परळ-लालबागला गाळ्यात राहून खानावळीत जेवणाऱ्या कोकणी-घाटी गिरणी कामगारांची आठवण येते ती याच कारणाने. घरातली बाई सगळ्यांचे जेवण करी, काळवंडलेले कपडे धुई, पाणी अंगणातल्या सामाईक नळावरून भरी, आणि प्रत्येकाचे मांस वेगळे शिजवून कोणाचे किती याचा हिशोब वहीत ठेवी. जनगणनेच्या कागदावर तिच्या धंद्याच्या रकान्यात पुष्कळदा "काही नाही" असे लिहिलेले असे.

१२. बायका आणि लहान मुले कारखान्यांत होती का? ट्रँगलच्या आगीत दाराला खरोखर कुलूप होते का?

होती, आणि हो, कुलूप होते.

ट्रँगल कंपनी मॅनहॅटनमधल्या एका उंच इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर बायकांचे ब्लाउज शिवायची. काम करणाऱ्या बहुतेक ज्यू आणि इटालियन तरुण मुली. २५ मार्च १९११, शनिवार, सुटायची वेळ. आठव्या मजल्यावर चिंध्यांनी पेट घेतला. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते, कारण जाताना मुलींच्या पिशव्या तपासायच्या असत. बाहेरचा लोखंडी जिना वजनाने कोसळला. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचली. १४६ जीव गेले, कित्येक खिडकीतून उडी टाकून.

मालकांवर खटला चालला. कुलूप आहे हे त्यांना त्या क्षणी माहीत होते असे सिद्ध झाले नाही म्हणून ते सुटले. दिवाणी दाव्यात १९१४ मध्ये जिवामागे ७५ डॉलर देऊन तडजोड झाली. मधल्या काळात त्यांच्यातल्या एकाला दुसऱ्या कारखान्यात पुन्हा दार कुलूपबंद ठेवल्याबद्दल दंड झाला, वीस डॉलर.

याच मुलींनी सव्वा वर्ष आधी संप केला होता. नोव्हेंबर १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या सभागृहातल्या सभेत पुढाऱ्यांची भाषणे लांबत चालली तेव्हा क्लारा लेमलिक ही तरुण शिवणकामगार उठली आणि यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, तिने सरळ सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. वीस हजारांवर मुली बाहेर पडल्या. पुष्कळ कारखान्यांनी मागण्या मान्य केल्या, ट्रँगलने संघटनेला मान्यता दिली नाही. आगीनंतर न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमला आणि कारखान्यांचे कायदे बदलले. ती आग रस्त्यावरून पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स १९३३ मध्ये देशाच्या कामगारमंत्री झाल्या.

मुलांविषयी थोडे पुढच्या उत्तरात आहे.

१३. एवढ्या भाषा बोलणारे लोक एकत्र संप कसा करत? आणि शेवटी किती जण परत गेले?

हे दोन प्रश्न मुद्दाम एकत्र घेतले आहेत. "हे लोक परत जाणारे, ते काय संघटित होणार" असे तेव्हाच्या जुन्या संघटना म्हणत.

परत जाणारे होतेच. साधारण तिघांतला एक परत गेला, दक्षिण इटलीच्या माणसांत तर जवळपास निम्मे. ज्यू फार थोडे परतले, त्यांना परतायला जागाच नव्हती (प्रश्न २). इटलीत परतलेल्यांना गावात अमेरिकानी म्हणत आणि त्यांची नवी घरे लांबून ओळखू येत.

पण संघटित होणार नाहीत हे खोटे ठरले. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सच्या लोकरी आणि सुती गिरण्यांत १९१२ च्या जानेवारीत बायका-मुलांचे कामाचे तास कायद्याने ५६ वरून ५४ झाले. मालकांनी त्या दोन तासांची मजुरी कापली, सुमारे ३२ सेंट. हातात पाकीट आले तेव्हा पोलिश बायकांनी माग थांबवले. काही दिवसांत शहरातल्या बहुतेक गिरण्या थांबल्या. संपसमितीत चौदा राष्ट्रीयत्वांचे प्रत्येकी चार असे ५६ जण होते. प्रत्येक भाषण भाषांतर होऊन फिरे. हिवाळ्यात पोरे उपाशी राहू नयेत म्हणून ती न्यूयॉर्कच्या कामगार कुटुंबांकडे पाठवली. २४ फेब्रुवारीला अशाच निघालेल्या मुलांना आणि आयांना पोलिसांनी स्टेशनवर झोडपले, आणि देशभर संताप उसळला.

मग संसदीय समितीपुढे लॉरेन्सची मुले साक्षीला गेली. त्यात कामेला तेओली ही इटालियन मुलगी होती. तिचे केस यंत्रात अडकून डोक्याची कातडी सोलली गेली होती. वय पुरे नसताना कामाला कशी लागलीस, असे विचारले तेव्हा तिने सांगितले: एक माणूस घरी आला आणि त्याने वडिलांकडून चार डॉलर घेऊन कागद करून दिले. मार्चमध्ये मालकांनी पगारवाढ दिली. ज्यांना सर्वांत कमी मिळत होते त्यांना सर्वांत जास्त.

१४. ते गोरेच होते, मग त्यांना भेदभाव कसा सोसावा लागला?

सोसावा लागला, आणि कधी जिवावर बेतला. १४ मार्च १८९१ ला न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने ११ इटालियनांना तुरुंगात घुसून मारले. त्यांतल्या काहींना आदल्याच दिवशी ज्युरीने निर्दोष ठरवले होते. पहिल्या महायुद्धात जर्मनांची पाळी आली. युद्धाच्या आधीच सरकारी आयोगाने युरोपीयांतही वरचे-खालचे वंश ठरवणारे जाडजूड अहवाल काढले होते.

तरीही एक मोठा फरक होता. १७९० च्या कायद्याने "मुक्त गोऱ्या माणसाला" नागरिकत्व मिळू शकत होते, आणि शिव्या खाणारा सिसिलियनही त्या व्याख्येत बसत होता. त्याची मुले मतदार झाली, पुढे नगरसेवक झाली. चिनी मजुरांना १८८२ पासूनच दार बंद होते.

१५. मग त्या काळात आपली माणसे अमेरिकेत येऊ शकत होती का?

विद्यार्थी येत होते. आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, एलिस बेटाचे केंद्र तेव्हा नव्हतेच. डॉ. आंबेडकर जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आले, म्हणजे ट्रँगलच्या आगीनंतर सव्वादोन वर्षांनी, त्याच शहरात.

मजूर म्हणून आलेले भारतीय मुख्यतः पंजाबी, पश्चिम किनाऱ्यावर, लाकूडगिरण्या आणि शेतांत. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा, भारतासह, बंद केला. १९ फेब्रुवारी १९२३ ला सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने "गोरा" नाही असा निकाल दिला, आणि आधी मिळालेली नागरिकत्वेही काढून घेतली जाऊ लागली. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला १९४६ मध्ये. इथे स्थायिक झालेल्या प्रत्येक मराठी घरात हे तारखांसह माहीत असावे असे मला वाटते.

१६. "आमचे पूर्वज कायदेशीर आले, रांगेत उभे राहिले" असे शेजारी सांगतात. तेव्हा व्हिसा लागत होता का?

पहिल्या महायुद्धापर्यंत युरोपातल्या माणसाला व्हिसा लागत नव्हता, संख्येची मर्यादाही नव्हती. तिकीट, तपासणी, डोईपट्टी (१९०७ पासून चार डॉलर, बोट कंपनी ती भाड्यात वसूल करी) एवढे पुरे होते. आजच्या अर्थाने बेकायदा यायला तेव्हा फारसा वावच नव्हता. त्यामुळे शेजाऱ्याचे वाक्य खरे आहे, पण आजच्या रांगेशी त्याची तुलना होत नाही.

१७. दार बंद कधी झाले?

तीन पायऱ्यांत. १९१७ मध्ये साक्षरतेची अट. १९२१ मध्ये कोटा: १९१० साली त्या देशात जन्मलेली जितकी माणसे अमेरिकेत होती, त्याच्या तीन टक्के. आणि १९२४ मध्ये दोन टक्के, तेही १८९० च्या जनगणनेवरून. हे वर्ष मुद्दाम निवडले होते, कारण इटालियन, पोलिश आणि ज्यूंची मोठी लाट त्यानंतरची. युद्धापूर्वी एकेका वर्षात दोन लाखांवर इटालियन येत, आता वर्षाला ३,८४५. व्हिसा परदेशातल्या वकिलातीतच मिळू लागला, आणि एलिस बेट मुख्यतः अडकवून ठेवण्याची जागा बनले. ही कोटापद्धत १९६५ मध्ये गेली. आपल्यातले बहुतेक जण ज्या कायद्याने इथे आले तो १९६५ चा.

१८. एखाद्याची नोंद शोधायची असेल तर सापडते का? आणि नोंदीवर कितपत विश्वास ठेवावा?

बोटींच्या याद्या इंटरनेटवर विनामूल्य शोधता येतात. नाव त्या माणसाच्या मूळ भाषेतल्या स्पेलिंगने शोधा, नंतर बदललेल्या नावाने नव्हे (प्रश्न ६). बोटीचे नाव किंवा गाव माहीत असेल तर काम सोपे होते.

नोंदीवर विश्वास ठेवावा, पण दुसऱ्या कागदाशी ताडून. पहिल्याच दिवसाचे उदाहरण आहे. १ जानेवारी १८९२ ला एलिस बेटावर पहिले पाऊल टाकले ॲनी मूर या आयर्लंडच्या कॉर्कमधल्या मुलीने. बरोबर दोन धाकटे भाऊ, आईवडील आधीच न्यूयॉर्कला. तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे बक्षीस मिळाले. वर्तमानपत्रांनी तो तिचा पंधरावा वाढदिवस असल्याचे छापले. प्रत्यक्षात ती सतरा वर्षांची होती आणि त्या दिवशी तिचा वाढदिवसही नव्हता. पुढे कित्येक वर्षे टेक्सासला गेलेल्या भलत्याच ॲनी मूरची कहाणी तिच्या नावावर सांगितली जात होती. ती चूक २००६ मध्ये दुरुस्त झाली. खरी ॲनी कुठेच गेली नव्हती. लोअर ईस्ट साइडवर तिने एका बेकरीत काम करणाऱ्याशी लग्न केले, तिची बरीच मुले लहानपणीच गेली, आणि १९२४ मध्ये ती तिथेच वारली. क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिची कबर दगडावाचून होती. २००८ मध्ये तिथे नाव कोरलेला दगड बसवला.